आजीचे पाच चिंचोके

डिसेंबरमधे नाशिक जिल्ह्यातल्या पेठकडच्या एका पाड्यावर गेले होते, गावाने आरोग्याचं कुठलं काम आधी हातात घ्यायचं ते ठरवायच्या बैठकीला. मी आपली नाशिकरोडची, मदतनीस म्हणून सोबत, सावळघाटातच पोट ढवळायला लागलेलं, असो.

पद्धत एकदम साधी. समाजमंदिराच्या फरशीवर खडूने चौकोन आखले, एकेकात चित्र, पिण्याचं पाणी, बाळाचं वजन, सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार), दारू, दवाखान्यात जायला गाडी वगैरे, आणि प्रत्येक बाईच्या हातात पाच चिंचोके, जिथं जास्त त्रास तिथं ठेवा. मला वाटलं बाळाच्या वजनावर ढीग पडणार, आमच्या कागदावर तेच सगळ्यात वर होतं ना! पडला पाण्यावर आणि गाडीवर. वजनावर मोजून चार. एक आजी तर पाचही चिंचोके गाडीच्या चौकोनात ठेवून वर हात दाबून बसली, कोणी सरकवेल म्हणून. 108 ला फोन लावायचा तर तिथं टेकाडावर चढावं लागतं, रेंजसाठी.

आशाताईंना म्हटलं वजनाला एवढे कमी कसे, तर म्हणाल्या, "ताई, लहान पोरांच्या बाया इथं आहेत कुठं? सगळ्या द्राक्षावर गेल्यात."

बरोबरच की. ऑक्टोबर छाटणी झाली की पेठ-सुरगाण्याची माणसं निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत डिपिंग (घड औषधात बुडवणं), विरळणीला जातात, पोरंबाळं घेऊन, आणि बागेच्या कडेला ताडपत्रीच्या खोपटात राहतात. म्हणजे बाळ निफाडला, त्याचं नाव पेठच्या अंगणवाडीत आणि लसीचं कार्ड घरी पत्र्याच्या पेटीत. आणि आम्ही रिकाम्या गावाला विचारत बसलोय.

नंतर निफाडकडच्या बैठकीलाही गेले. तिथं शुगर, बीपी, औषध मारताना होणारी डोकेदुखी, सगळं निघालं, पण कडेच्या खोपटातली पोरं कुणाच्याच तोंडात नाहीत, त्यांच्या दृष्टीने ती "पेठवाल्यांची" ना.

जिल्हा 15 तालुक्यांचा, 2011 च्या जनगणनेला 61 लाख लोक. मालेगावचं दुखणं वेगळं, यंत्रमागावरची कापसाची धूळ छातीत जाते, 2022 ला गोवरही आला होता तिथं. सुरगाण्याचं सिकलसेल आणि मालेगावचा खोकला यांची सरासरी काढून हाताला काय लागणार? अख्ख्या जिल्ह्याने मिळून काही धरायचंच असेल तर ही मधे लटकलेली पोरं धरा असं माझं मत, कारण ती एका तालुक्याच्या आवाक्यातली गोष्टच नाही. तसं लिहूनही दिलं. फॉर्मवर तालुक्याला रकाना एकच, आम्ही "पेठ/निफाड" लिहिलं, तो परत आला, "एकच तालुका लिहावा" असा लाल पेनाचा शेरा मारून. हसावं की डोकं आपटावं कळेना.

गावाच्या आरोग्य समितीकडे वर्षाला 10,000 रुपये अबंधित निधी (ठरावीक कामाला न बांधलेला) येतो, त्यातून पुढच्या छाटणीआधी सगळ्या पोरांच्या कार्डांची झेरॉक्स काढून, लॅमिनेट करून आयांच्या पिशवीत घालायची असं आशाताईंनी डोक्यात घेतलंय, आणि त्या करतील. गाडीचं मात्र 10,000 त काही होत नाही. आजी दोनदा विचारून गेली म्हणे, माझ्या चिंचोक्यांचं काय झालं.