आधी सीट उचला

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. आमच्या पवईच्या सोसायटीत म्हाताऱ्या माणसांना गेटपासून विंगपर्यंत सोडणारी बॅटरीवरची गाडी आहे. ती बघून आजूबाजूचे सेक्रेटरी हमखास विचारतात, "जुनी गोल्फ कार्ट घ्यायचीय, काय बघू?" रंग, छत, कुशन नंतर बघा. आधी सीट उचला.

सीटखाली बॅटऱ्या असतात. ३६ व्होल्टच्या गाडीत सहा व्होल्टच्या सहा, ४८ च्या गाडीत बहुतेकदा आठ व्होल्टच्या सहा. एकेक तीसेक किलोची. हा संच बदलायची वेळ आली की स्वस्तात पडलेली गाडी स्वस्त राहत नाही.

आम्ही इथेच फसलो. विकणाऱ्याने मल्टिमीटर लावून ५१ व्होल्ट दाखवले. ४८ च्या संचाला पूर्ण चार्जवर एवढेच लागतात, म्हणून मी खूश. पण उभ्या गाडीचे व्होल्ट म्हणजे कांदेपोह्यांच्या कार्यक्रमातलं वागणं. तिसऱ्या दिवशी बी विंगच्या काकू बसल्या आणि क्लब हाऊसच्या चढावर गाडी रांगायला लागली, मग थांबलीच. काकू उतरल्या, भाजीची पिशवी सीटवरच ठेवली आणि म्हणाल्या, "तुम्ही ढकलत आणा, मी पुढे होते."

पुढचं बॅटरीवाल्याने शिकवलं. चार माणसं बसवून अर्धा तास गाडी चालवायची, चढ असेल तर चढावर. परत आल्या आल्या सीट काढून प्रत्येक बॅटरी वेगळी मोजायची. पाच बॅटऱ्या ८.२ व्होल्ट दाखवतायत आणि एक ७.६, तर त्या एकीचा सेल, म्हणजे आतला एक कप्पा, बसलाय. आमची चौथी तशी निघाली. नंतर पूर्ण चार्ज करून हायड्रोमीटरने ग्रॅव्हिटी, म्हणजे आतल्या ॲसिडची घनता, बघा. एका बॅटरीत चार सेल, सहांची चोवीस झाकणं, ती उघडायचा कंटाळा करू नका. चांगला सेल १.२७ च्या आसपास असतो, आणि सेलासेलात ०.०५ चा फरक दिसला की समजा गडबड आहे. "एकच बदलून देतो" म्हणाले तर हो म्हणू नका, जुन्यांच्या संगतीत नवीही लवकर बसते. झाकण उघडलंच आहे तर पाणीही बघा. आतल्या शिशाच्या प्लेटा पाण्याबाहेर उघड्या पडल्या असतील तर वरून डिस्टिल्ड वॉटर ओतून गेलेलं परत येत नाही.

मग टॉर्च घेऊन बॅटऱ्यांखालचा ट्रे बघा. वरून ॲसिड, बाहेरून मुंबईची खारी हवा. ई-झी-गो कंपनीच्या गाडीची चेसी, म्हणजे खालचा सांगाडा, पोलादी, ती आतून कुरतडली जाते; स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. क्लब कार या दुसऱ्या कंपनीची ॲल्युमिनियमची, तिला गंजाची भीती कमी. क्लब कारच्या सीरियल नंबरात सुरुवातीच्या अक्षरांनंतरचे दोन आकडे वर्षाचे असतात. "२०१५ चं मॉडेल" ऐकलं की सीरियल नंबराची प्लेट शोधा. आमची तोंडी २०१२ ची होती, प्लेटवर ०५ निघाले.

चार्जर हे वेगळंच प्रकरण. अमेरिकेतून आलेल्या जुन्या गाडीबरोबर तिथलाच १२० व्होल्टचा, ६० हर्ट्झचा जड चार्जर येतो. "स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लावला की झालं," असं तुम्हाला सांगतील. त्याने व्होल्ट उतरतात, पण आपली वीज ५० हर्ट्झचीच राहते आणि तो चार्जर बनलेला असतो ६० साठी. इथे चालणारा २३० व्होल्टचा चार्जर किमतीत धरा, नाहीतर तेवढे पैसे कापा.

ब्रेक बहुतेक गाड्यांना मागच्याच चाकांना असतात, उतारावर दाबून बघा. स्टीअरिंगची ढिलाई हातालाच कळते. आणि नंबर प्लेट नसलेली गाडी गेटबाहेर रस्त्यावर काढू नका, समोरच्या किराणावाल्याकडेसुद्धा नाही.

बॅटऱ्या मेलेल्या निघाल्या तरी गाडी सोडू नका. त्या शून्य धरून भाव सांगा, आणि मेलेल्या बॅटऱ्या गाडीबरोबरच ठेवून घ्या. नव्या घेताना दुकानदार त्या शिशाच्या भावाने परत घेतो.