दाराचा तक्ता अडला: ‘ध’ गेला कुठे?

एकाच शब्दाची संस्कृत आणि तिच्या बहिणी-भाषांतली रूपं शेजारी मांडून मूळ ध्वनी शोधायचे, असे तक्ते मी करतोय. त्यात ‘दार’चा तक्ता अडलाय, आणि अडलाय तो नेमका आपल्याच रकान्यात. ग्रीक थुरा, लॅटिन फोरेस, गॉथिक दाउर, इंग्रजी डोअर, आर्मेनियन दुर्क, लिथुआनियन दुरिस, रशियन द्वेर. सगळी मंडळी शिस्तीत येऊन बसली. या सगळ्यांच्या पूर्वज भाषेतलं आदिरूप *ध्वर् (तारका म्हणजे कल्पिलेलं रूप), सुरुवातीला ध, यात कुणाला शंका नाही. मग संस्कृतात ‘ध्वार्’ हवं. आहे ‘द्वार्’.

आधीचा ‘धूम’चा तक्ता आठवत असेल: संस्कृत ध, ग्रीक थ (थुमोस), लॅटिन फ (फूमुस). तोच साचा थुरा आणि फोरेसमध्ये आहे. उलट मुळातच द असेल तर ‘दश’सारखं व्हायला हवं: ग्रीक देका, लॅटिन देकेम, इंग्रजी टेन. म्हणजे दाराचा द अस्सल असता, तर इंग्रज आज दाराला ‘टोअर’ म्हणाला असता. साक्षीदार फितूर आहे तो संस्कृतच.

इराणी शाखेकडून मदत मिळेना, कारण तिथे द आणि ध कधीच एक झाले. बाल्टिक-स्लाविकचंही तेच. पण इराणी रकान्यात शिरलोच होतो, तर एक घबाड हाती लागलं. इराणातल्या बेहिस्तूनच्या शिलालेखात सम्राट पहिला दारियस सांगतो की बंडखोर फ्रवर्तीला ‘माझ्या दारी’ बांधून ठेवलं होतं. शब्द आहे ‘दुवर’. दार म्हणजेच राजाची ड्योढी! याच दुवरचं पुढे फारसीत ‘दर’ झालं, आणि तिथून दरवाजा, दरबार, दरवान आपल्याकडे आले. म्हणजे एकच धातू मराठीत दोन वाटांनी आला, घरच्या वाटेने दार आणि फारसीच्या वाटेने दरवाजा. तिसरी वाट इंग्रजीची. लॅटिन ‘फोरास’ म्हणजे दाराबाहेर, त्यावरून ‘फॉरेन’. फॉरेनचा माल म्हणजे अक्षरशः दाराबाहेरचा. हा रकाना भरताना जे सुख झालं ते इथल्या लोकांनाच कळेल.

असो. ध.

पहिला संशयित अर्थातच जर्मन पंडित ग्रासमानचा नियम (१८६३). लागोपाठच्या दोन अक्षरांत महाप्राण (ध, भ असे ह मिसळलेले ध्वनी) आले की पहिल्यातला ह गळतो: *धधाति चं दधाति, *भभूव चं बभूव. पण ध्वार्मध्ये दुसरा महाप्राण आहेच कुठे? यावर एक देखणा तोडगा आहे. शब्दात नसला तरी विभक्तीच्या अनेकवचनी प्रत्ययात आहे: भिः, भ्यः. *धुर्भिः चं नियमाने *दुर्भिः होणार, आणि तिथला द मग सगळ्या विभक्त्यांत पसरणार. वाचून मी खुर्चीवरून उठलो होतो. रकान्यात हिरवा, म्हणजे ‘सुटलं’चा, रंगही भरला.

मग ‘धीभिः’ (‘धी’ म्हणजे बुद्धी, तिची तृतीया) आठवलं. ऋग्वेदात ढिगाने सापडणारं रूप. पुढे भिः आहे, तरी ध जागच्या जागी. त्याचं उत्तर असं देतात की धीः, धियम्, धियः या बाकीच्या रूपांनी तो ध धरून ठेवला. मान्य. पण मग दाराच्या बाकीच्या रूपांनी आपला ध का नाही धरला? एका शब्दात बहुमत जिंकतं आणि दुसऱ्यात एकटी तृतीया सगळ्यांना ओढून नेते, हे काही मला पचत नाही. त्यात ग्रासमानच्याच ऋग्वेदकोशात दाराची रूपं काढून पाहिली, तर द्वारा, द्वारः, दुरः एवढीच. ज्या *दुर्भिःवर सगळा डोलारा उभा आहे, त्याचा ऋग्वेदात पत्ताच नाही. हिरवा रंग पुसला.

(ग्रासमानवर राग नाही. कोकणीतला ‘धूव’, म्हणजे मुलगी, त्याच्याचमुळे उलगडला. ग्रीक थुगातेर, इंग्रजी डॉटर, दोन्हीकडे मूळ ध. संस्कृतात नियमाने ‘दुहिता’ झाली, आणि प्राकृतात मधला ह पुन्हा पुढे सरकून ‘धूआ’. गेलेला ध गोव्यात परत आला.)

उरला जुना, जरा गावठी वाटणारा तर्क: दोन फळ्यांचं दार, म्हणून लोकांनी ते ‘द्व’शी जोडलं आणि ध चा द केला. असल्या लोकव्युत्पत्तीच्या पळवाटा मला आवडत नाहीत. पण ऋग्वेदातली आप्री सूक्तं (यज्ञात देवतांना क्रमाने बोलावणारी) चाळताना मत डळमळलं. तिथे दारांना आवाहन आहे आणि ते अनेकवचनी: ‘द्वारो देवीः’. लिथुआनियन दुरिस तर फक्त अनेकवचनातच चालतो. लॅटिनमध्ये एकवचनी ‘फोरिस’ म्हणजे दाराची एक फळी, आणि ‘फोरेस’ म्हणजे अख्खं दार. वाड्याच्या दाराच्या दोन्ही फळ्या लोटून अडसर घातलेला ज्याने पाहिलाय, त्याला हे समजवावं लागणार नाही. सध्या हा रकाना पिवळा, म्हणजे ‘अनिश्चित’, ठेवलाय. हिरवा करायची हिंमत नाही.

साधनांबद्दल: टर्नरचा भारतीय-आर्य भाषांचा तुलनात्मक कोश शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट आहे, त्याला तोड नाही. पोकोर्नीचा इंडो-युरोपीय व्युत्पत्तिकोश (१९५९) यादीपुरता वापरा, त्यात लॅरिंजियल ध्वनी (पूर्वज भाषेत मानलेले, पुढे बहुतेक ठिकाणी लोपलेले कंठातले ध्वनी) धरलेलेच नाहीत. आणि स्वस्त पुनर्मुद्रणाच्या नादी लागू नका. एका विक्रेत्याकडून आलेल्या माझ्या प्रतीत छपाई इतकी फिकी आहे की शब्दापुढच्या तारकाच दिसत नाहीत. प्रत्यक्ष सापडलेलं रूप कोणतं आणि कल्पिलेलं कोणतं, हेच कळेना! व्युत्पत्तीच्या कोशात याहून वाईट काय असणार?

पुढचा तक्ता ‘भ्राता’चा ठरला होता. तो थांबवतोय, कारण हे लिहिता लिहिताच दुसरं काहीतरी खुपायला लागलं. द्व चं मराठीत होतं काय? दार आणि दोन यांत द उरला. पण बारा, बावीस, ‘बे एके बे’ आणि भाऊबीजेतली बीज (द्वितीया) यांत ब. गुजरातीत मात्र दारही ब च्या गोटात: बारणुं. वेदकाळच्या ध शी याचा संबंध नाही, हा बदल फार नंतरचा. पण आपल्याकडे आकडे एकीकडे आणि दार दुसरीकडे का गेलं, हे तर घरातलंच कोडं आहे. आधी कृ. पां. कुलकर्णींचा व्युत्पत्तिकोश आणि झूल ब्लोकचा मराठीच्या घडणीवरचा ग्रंथ यांत द्व ने सुरू होणारं सगळं काढतो, मग बोली.

तिथे तुमची मदत लागेल. अहिराणी किंवा गुजरातच्या सीमेवरच्या कुठल्याही बोलीत दाराला ब ने सुरू होणारा शब्द ऐकला असेल, तर तालुका आणि एक पूर्ण वाक्य यांसह कळवा. नुसता शब्द नको. तो बाहेर या अर्थाच्या ‘बाहेर’, ‘भायेर’मध्ये मिसळला तर निवडता निवडत नाही.