पाचशे फुटांच्या आत

गेल्या महिन्यात आमच्या शहराच्या नगर परिषदेच्या बैठकीला मी पहिल्यांदाच गेले आणि तेही स्वतःच्या कामासाठी गेले. आमच्या घरामागच्या रस्त्यावर सायकलींसाठी वेगळी मार्गिका आखायची आणि शेजारच्या पडीक जागेवर उद्यान करायचे, असा विषय होता. तो मंजूर व्हावा असे मला मनापासून वाटत होते. कॅलिफोर्नियातल्या बऱ्याच लहान शहरांप्रमाणे इथेही परिषदेत पाचच सदस्य आहेत. विषय पुकारला गेला तेव्हा त्यांच्यातले सर्वांत ज्येष्ठ सदस्य, ज्यांनी निवडणुकीत याच उद्यानासाठी दारोदार फिरून मते मागितली होती, त्यांनी माइक जवळ ओढला आणि सांगितले की, आपले राहते घर या जागेपासून पाचशे फुटांच्या आत आहे, म्हणून आपण या विषयात भाग घेणार नाही. एवढे बोलून त्यांनी समोरचे कागद आवरले, पाण्याची बाटली उचलली आणि मधल्या वाटेने चालत ते मागच्या दाराने बाहेर गेले. दार लागल्याचा आवाज आला आणि मगच महापौरांनी चर्चेला सुरुवात केली. पाऊण तासाने मतदान झाले. दोन मते बाजूने, दोन विरुद्ध. समसमान मते पडल्यामुळे ठराव नामंजूर झाला. एका कर्मचाऱ्याने बाहेर जाऊन त्यांना बोलावून आणले, ते आपल्या खुर्चीत बसले आणि सांडपाण्याच्या नळांचा पुढचा विषय सुरू झाला.

त्या रात्री घरी येताना माझा फार संताप झाला होता. ज्या कामासाठी लोकांनी या माणसाला निवडून दिले, नेमक्या त्याच कामाच्या वेळी त्याने उठून जावे आणि त्याच्या एका मतावाचून काम अडावे, हा कसला नियम, असे मला वाटत राहिले. उद्यान काही त्यांच्या खाजगी मालकीचे होणार नव्हते. त्यात आमची मुले खेळणार होती.

संताप शमल्यावर मी कायदा वाचायला बसले. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी जून १९७४ मध्ये, वॉटरगेट प्रकरण (राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना भोवलेला राजकीय घोटाळा) ऐन भरात असताना, थेट मतदानाने ‘पॉलिटिकल रिफॉर्म ॲक्ट’ मंजूर केला. ज्या निर्णयात आपला आर्थिक हितसंबंध गुंतलेला आहे हे लोकप्रतिनिधीला ठाऊक आहे किंवा ठाऊक असायला हवे, तो निर्णय त्याने घेऊ नये, घेण्यात भाग घेऊ नये आणि आपल्या पदाचा वापर करून त्यावर प्रभाव टाकण्याचा प्रयत्नही करू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. ज्या मालमत्तेविषयी निर्णय व्हायचा आहे तिच्यापासून पाचशे फुटांच्या आत सदस्याची मालमत्ता असेल, तर त्याचा हितसंबंध गुंतलेला आहे असेच गृहीत धरले जाते. त्याने तो सर्वांसमक्ष सांगायचा (घराचा नेमका पत्ता मात्र सांगावा लागत नाही) आणि चर्चा व मतदान संपेपर्यंत खोलीबाहेर जायचे. आपल्या स्वतःच्या घरापुरते म्हणणे मांडायचे असेल, तर सामान्य नागरिक म्हणून बोलण्याची मुभा त्याला आहे. आमच्या नगरसेवकांनी तीही घेतली नाही.

यातल्या ‘खोलीबाहेर’ या शब्दाशी मी बराच वेळ थांबले. मत न देणे मला समजत होते, गप्प बसणेही समजत होते. पण बाहेर कशासाठी जायचे? या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात नव्हते, ते मला माझ्याच आठवणीत सापडले आणि हा सगळा लेखनप्रपंच त्याच्यासाठीच आहे. पण तिथे जाण्याआधी दुसऱ्या दिवशीची गोष्ट सांगते.

दुसऱ्या दिवशी मी सिटी क्लर्कच्या, म्हणजे नगर सचिवांच्या, खिडकीवर गेले आणि त्या सदस्यांचा ‘फॉर्म ७००’ बघायला मिळेल का, असे विचारले. गुंतवणूक, स्थावर मालमत्ता, उत्पन्न, मिळालेल्या भेटी यांचे हे विवरणपत्र नगरसेवकांना दरवर्षी १ एप्रिलपर्यंत भरावे लागते. ओळखपत्र मागतील म्हणून मी वाहन परवाना हातात काढूनच ठेवला होता. खिडकीपलीकडच्या बाईंनी त्याच्याकडे पाहिले आणि तो परत ठेवायला सांगितले. हे कागद पाहणाऱ्याला नाव विचारायचे नाही आणि कोणतीही अट घालायची नाही, असे कायदाच सांगतो. प्रत हवी असेल तर एका पानाला दहा सेंटपेक्षा जास्त घेता येत नाही. आपल्याकडे माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून देशभर आहे आणि महाराष्ट्राने तर स्वतःचा कायदा २००२ मध्येच केला होता. माहिती कशासाठी हवी हे अर्जदाराला विचारता येत नाही, असे आपल्याही कायद्यात लिहिले आहे. तरीही अर्ज घेऊन गेलेल्या माणसाला टेबलापलीकडून पहिला प्रश्न कोणता विचारला जातो, हे वाचकांना मी सांगायला नको.

फॉर्म हातात आला तेव्हा मात्र मी थोडी सुखावले. त्यात नेमकी रक्कम कुठेच नव्हती. दोन हजार ते दहा हजार डॉलर, दहा हजार ते एक लाख, एक लाख ते दहा लाख आणि त्याहून अधिक, अशा चौकटी आणि त्यावर खुणा. निव्वळ राहण्यासाठी वापरलेले घर तर त्यात दाखवावेही लागत नाही. आपल्याकडे महापालिकेच्या उमेदवाराला शपथपत्रात जमीन, ठेवी, वाहने, दागिने, कर्जे, प्रलंबित गुन्हे असे सगळे आकड्यांनिशी द्यावे लागते, स्वतःचे आणि जोडीदाराचेही. या बाबतीत आपण यांच्या पुढे आहोत, असे मी ठामपणे म्हणेन. फरक आहे तो वेळेचा. आपले शपथपत्र उमेदवारी अर्जासोबत येते आणि मतमोजणीनंतर कपाटात जाते. इथला फॉर्म निवडून आल्यावर दरवर्षी भरला जातो आणि कोणता विषय कोणाच्या इतर मालमत्तेजवळ येतो हे पाहायला सभेच्या दिवशी उपयोगी पडतो.

आणखी एक गोष्ट अभिमानाने सांगावीशी वाटते. आपला ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा आणि महानगरपालिकांचा १९४९ चा आहे. दोन्ही कॅलिफोर्नियाच्या १९७४ च्या कायद्याहून जुने आहेत. पंचायतीच्या आदेशाने केलेल्या कामात किंवा पंचायतीशी झालेल्या करारात सदस्याचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हिस्सा असेल, तर तो अपात्र ठरतो. सरकारी जागेवर अतिक्रमण करणाराही अपात्र ठरतो आणि कुटुंबीयाने केलेल्या अतिक्रमणात राहणाऱ्या सदस्यालाही हे लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले. तेव्हा ‘आपल्याकडे कायदेच नाहीत’ असे इथल्या मराठी मंडळींच्या बैठकीत कोणी म्हणाले की मी आता गप्प बसत नाही.

इथली माणसे धुतल्या तांदळासारखी आहेत, असेही समजण्याचे कारण नाही. लॉस एंजेलिस परगण्यातल्या बेल नावाच्या, चाळीस हजारांहूनही कमी वस्तीच्या आणि बहुतांशी कष्टकरी लोकांच्या शहरात मुख्य प्रशासक वर्षाला आठ लाख डॉलरच्या घरात पगार घेत होता आणि अर्धवेळ काम करणारे नगरसेवक लाखाच्या आसपास उचलत होते. हे २०१० मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने बाहेर काढले. लॉस एंजेलिसच्या एका माजी नगरसेवकाला बांधकाम व्यावसायिकांकडून लाच घेतल्याच्या प्रकरणात जानेवारी २०२४ मध्ये तेरा वर्षांची शिक्षा झाली. ‘फॉर्म ७००’ तेव्हाही होताच.

कंत्राटांच्या बाबतीत मात्र इथला नियम फारच कडक आहे आणि तो मला खरोखर आवडला. परिषदेच्या एका सदस्याचा एखाद्या कंत्राटात हितसंबंध असेल, तर काही ठरावीक अपवाद वगळता तो एकटा बाहेर जाऊन भागत नाही. सगळ्या परिषदेलाच ते कंत्राट करता येत नाही आणि केले तर ते रद्दबातल ठरते. मेहुण्याच्या किंवा भाच्याच्या नावावर ठेका घेऊन स्वतः सभेत हात वर करणारे सदस्य आपण सर्वांनी पाहिले आहेत. तिथे अपात्रतेचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, तारखा पडतात, अपील होते आणि माझ्या पाहण्यात तरी तो अर्ज करणारा बहुधा निवडणुकीत हरलेला उमेदवार असतो. त्यामुळे हितसंबंध हा शब्दच आपल्याकडे आरोप होऊन बसला आहे. कोणी तो उच्चारला की समोरच्याचे पद घालवायचे आहे, असाच अर्थ घेतला जातो. त्या रात्री इथे मात्र एका सत्तरीच्या माणसाने तो स्वतःच्या तोंडाने उच्चारला आणि सभागृहात कोणी मान वर करूनही पाहिले नाही. त्यांची अब्रू गेली नाही की पद गेले नाही. पाऊण तासाने ते परत आपल्या जागेवर होते.

आता तात्यांविषयी. माझे काका, ज्यांना आम्ही सगळे तात्या म्हणायचो, ते दोन वेळा ग्रामपंचायतीचे सदस्य होते. त्यांनी पंचायतीचा एक पैसा घेतला नाही, टक्केवारी हा शब्द त्यांच्या जवळपास कोणी काढला नाही आणि हे मी त्यांची पुतणी म्हणून म्हणत नाही. त्यांचे विरोधकही हे म्हणत. त्यांच्या काळात गावापासून मळ्याकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेचा पक्का रस्ता झाला आणि तो आमच्या शेताच्या बांधावरून गेला. काम दुसऱ्याने केले, कंत्राटाशी तात्यांचा काहीही संबंध नव्हता, म्हणजे अधिनियमाच्या कुठल्याच कलमात ते बसत नव्हते. पुढे कोणी कुजबुजले की आम्ही अभिमानाने सांगत असू, तात्या त्या ठरावावर एक शब्दही बोलले नाहीत. ते खरेच होते, कारण मी तिथे होते. मी बारा वर्षांची होते, घरी पाहुणे आले म्हणून त्यांना बोलवायला पंचायतीच्या दारात उभी होते. तात्या भिंतीला टेकून बसले होते, चष्मा काढून उपरण्याने पुसत होते. ग्रामसेवकांनी ठराव वाचला. सरपंचांनी आधी तात्यांकडे पाहिले, मग बाकीच्यांकडे पाहून म्हणाले, “मग मंजूर ना?” सगळे हो म्हणाले.

सरपंचांची ती नजर मला तीस वर्षांत कधी आठवली नव्हती. त्या नगरसेवकांच्या मागे दार लागले तेव्हाही नाही. ‘खोलीबाहेर’ हा शब्द वाचताना आठवली.

मी दादाला, तात्यांच्या मुलाला, फोन केला. तो नाराज झाला, आणि त्याचे म्हणणे मला खोडून काढता आले नाही. “अगं, तात्या उठून बाहेर गेले असते तर गावाने काय म्हटले असते? यांना रस्ता नको आहे, असाच अर्थ झाला असता. आणि सात सदस्यांत आमचे भाऊबंद किती, सोयरे किती, मोज तूच. सगळेच बाहेर गेले असते तर ठराव ग्रामसेवकाने एकट्याने करायचा होता का?” मी त्याला सांगितले की, याचीही सोय इथे आहे: हितसंबंधांमुळे गणपूर्तीच होत नसेल, तर बाहेर पडलेल्यांमधून चिठ्ठ्या टाकून हवे तेवढे सदस्य परत आत घेतात. दादा थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, “चिठ्ठ्या टाकल्या असत्या तर तात्यांना चालले असते.”

त्यानंतर मी कायद्यात तात्यांसाठी वाट शोधू लागले आणि एक सापडलीही. निर्णयाचा परिणाम एकट्या सदस्यावर न होता जनतेच्या मोठ्या हिश्श्यावर तसाच होणार असेल, तर हितसंबंध आड येत नाही. हा मोठा हिस्सा म्हणजे किती, तर त्या हद्दीतल्या किमान पंचवीस टक्के मालमत्ता किंवा माणसे. रस्ता तर साऱ्या मळ्याचा होता. त्यावरून मुले शाळेत जात, बायका दवाखान्यात जात, पावसाळ्यात बैलगाड्या रुतत नसत. मला फार बरे वाटले.

मग मी वही घेऊन घरे मोजायला बसले. रस्त्याच्या दोन्ही अंगांची मळ्यातली ३४. ज्यांची शेते त्या बाजूला होती पण घरे गावात होती, अशी आणखी २१. पलीकडच्या वस्तीतली, जी जवळची वाट म्हणून तो रस्ता वापरत, ती ६. एकूण ६१. गावात तेव्हा साधारण ३१० घरे होती, म्हणजे चौथा हिस्सा ७८ घरांच्या आसपास येतो. कोणी राहून गेले असेल म्हणून मी दादाला पुन्हा फोन लावला आणि एकेक आडनाव घेत आम्ही दोघांनी मिळून पहिल्यापासून मोजले. दादाला आणखी तीन घरे आठवली.