आधी पॉइंट्स, मग कार्बोरेटर

रविवार, रात्री

गाडी पिकअप घेईना, आयडलला थरथरू लागली, की सगळ्यांचा हात आधी कार्बोरेटरकडे जातो. पॉइंट्सवाल्या (ठिणगीसाठी कॉइलचा प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क) जुन्या आठ सिलिंडरच्या व्ही-८ इंजिनाला हा अन्याय आहे. चूक बहुतेक वेळा डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या, टोपीखाली असते.

शेव्हरोलेचं ३५० हे व्ही-८ इंजिन घ्या. साधारण १९७५ च्या आधीचं असेल तर आत पॉइंट्सच सापडतील. पॉइंट्सचा छोटा फायबरचा ठोकळा डिस्ट्रिब्युटरच्या फिरत्या कॅमवर घासत असतो. तो झिजला की गॅप कमी होतो, ड्वेल (पॉइंट्स बंद राहतात तेवढे अंश) वाढतो, पॉइंट्स उशिरा उघडतात आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, मागे पडतं. डिस्ट्रिब्युटर कोणी हलवलेला नसतो, तरी इंजिन तापतं, गाडी जड वाटते. अशा वेळी कार्बोरेटरचं मिक्श्चर (हवा-पेट्रोलचं प्रमाण) फिरवलं की एका बिघाडाचे दोन होतात. कॅमवर ग्रीस काडीच्या गुलाएवढंच लावावं. जास्त झालं तर उडून पॉइंट्सवर बसतं आणि ते जळतात.

नव्या पॉइंट्सचा गॅप ०.०१९ इंच. वापरलेल्यांना मात्र फीलर गेज (गॅप मोजायची पातळ पाती) लावून उपयोग नाही: एका टोकावर धातूचा बारीक उंचवटा चढलेला असतो, समोरच्यावर खड्डा. पाती उंचवट्याला अडते आणि खरा गॅप कळत नाही. ड्वेल मीटरवर विश्वास ठेवावा. इंजिन चालू असतानाच टोपीची खिडकी उचलून १/८ इंची अ‍ॅलन की घालायची आणि आतला स्क्रू फिरवून ड्वेल ३० अंशांवर आणायचा. २८ ते ३२ चालतं. मीटर नसेल तर इंजिन मिसिंग मारेपर्यंत स्क्रू उजवीकडे, मग अर्धा फेरा मागे. पॉइंट्स पुन्हा पुन्हा निळे-काळे पडत असतील तर कंडेन्सर (पॉइंट्स उघडताना उडणारी ठिणगी दाबणारा) बदलावा आणि कॉइलची वायर तपासावी. नवं वायरिंग करताना व्होल्टेज कमी करणारी रेझिस्टन्स वायर काढून थेट १२ व्होल्ट दिलेले असतात, ते पॉइंट्स खाऊन टाकतात.

ड्वेल लागल्यावरच टायमिंग. उलट क्रमाने केलं तर ड्वेल हलताच टायमिंगही हलतं, मेहनत फुकट. डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करावं. आयडलच्या आकड्यापेक्षा ३००० आरपीएमच्या आसपासचा एकूण अ‍ॅडव्हान्स (पिस्टन वर पोहोचायच्या किती अंश आधी ठिणगी पडते) मला महत्त्वाचा वाटतो: ३४ ते ३६ अंश. बॅलन्सरवर (क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकाचं चाक) ३६ अंशांची खूण करणं सोपं आहे, कारण ३६ म्हणजे परिघाचा बरोबर दहावा भाग. ८ इंची बॅलन्सरवर शून्याच्या रेघेपासून (एक नंबरचा पिस्टन सगळ्यांत वर असल्याची खूण) सुमारे ६४ मिलिमीटर, समोरून पाहता घड्याळाच्या दिशेने. अ‍ॅडव्हान्स वाढवायला डिस्ट्रिब्युटर घड्याळाच्या उलट फिरवायचा.

पण ती शून्याची रेघ खरी आहे का? बॅलन्सरचं बाहेरचं कडं रबरावर बसवलेलं असतं. रबर जुनं झालं की कडं सरकतं, मग टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकून खूण दाखवणारा दिवा) खोटं दाखवते. बॅटरी काढून, एक नंबरच्या प्लगच्या जागी पिस्टन स्टॉप (पिस्टनला अडवणारा बोल्ट) लावून इंजिन हाताने हळू दोन्ही बाजूंना अडेपर्यंत फिरवावं आणि दोन्ही वेळा पॉइंटरसमोर (इंजिनावरच्या स्थिर खुणेच्या काट्यासमोर) बॅलन्सरवर खूण करावी. दोन खुणांचा मध्य म्हणजे खरा शून्य. अर्ध्या तासाचं काम आहे, आळस करू नये. कडं सरकलेलं निघालं तर नुसती नवी रेघ मारून भागवू नये, बॅलन्सरच बदलावा.

एवढं झालं की व्हॅक्यूमची नळी परत जोडून, व्हॅक्यूम गेज लावून मिक्श्चर स्क्रूला हात लावायला हरकत नाही. तोवर बहुतेक वेळा पाव फेराही पुरतो.