बाबांचा डायनॅमो

माळा आवरताना बाबांच्या सायकलचा डायनॅमो सापडला, टायरला टेकून फिरणारा आणि दिव्याला वीज देणारा. बाटलीच्या आकाराचा, डोक्यावर खाचांची फिरकी, अंगावर पुसट अक्षरं : ६ व्होल्ट, ३ वॅट. माझ्या सायकलला तात्पुरता बांधला, मल्टीमीटर लावला आणि भाचीला चाक फिरवायला सांगितलं. आकडा शून्याजवळच घुटमळतोय. मेला म्हणून बाजूला ठेवणार, तेवढ्यात लक्षात आलं, मीटर डीसीवर, म्हणजे एकाच दिशेच्या करंटवर होता! एसीवर, म्हणजे दिशा पालटणाऱ्या करंटवर केला तर चांगले साडेचार व्होल्ट. आत चुंबक फिरतो, त्याचे उत्तर-दक्षिण ध्रुव तांब्याच्या गुंडाळीसमोरून आळीपाळीनं जातात, म्हणून करंटही सारखा दिशा पालटतो.

“मग चुंबक नुसता गुंडाळीत ठेवून दिला तर?” भाचीचा प्रश्न.

काही नाही. जिनिव्हाचा शास्त्रज्ञ कोलॅडन १८२५मध्ये इथेच फसला. चुंबकामुळे सुई हलू नये म्हणून त्यानं गॅल्व्हॅनोमीटर, म्हणजे करंट दाखवणारा काटा, शेजारच्या खोलीत ठेवला होता. चुंबक गुंडाळीत सरकवायचा आणि बघायला पळायचं. तो पोचेपर्यंत सुई परत शून्यावर! चुंबक हलतो तेवढाच वेळ करंट, हे १८३१मध्ये फॅरेडेला दिसलं. बिचारा कोलॅडन. मदतीला एक पोरगं हवं होतं त्याला.

बाबा रात्रपाळीला जाताना चढ लागला की डायनॅमो टायरवरून मागे घ्यायचे. फिरकी घासते म्हणून जड जात असेल, असं मला वाटायचं. ते आहेच. पण आम्ही दिव्याची वायर काढून चाक फिरवलं, मग जोडून फिरवलं. जोडल्यावर चाक लवकर थांबलं. करंट वाहू लागला की गुंडाळी स्वतःच चुंबक होते आणि फिरणाऱ्या चुंबकाला अडवते. दिव्याचा उजेड बाबांच्या पोटऱ्यांतून यायचा तो असा.

संध्याकाळी बाबांना फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी आधी विचारलं, “डायनॅमो सायकलला धरणाऱ्या क्लॅम्पचा टोकदार स्क्रू आहे का?” नव्हता. दिव्याला वायर एकच, परतीची वाट सायकलच्या सांगाड्यातून. तो स्क्रू रंगाचा थर फोडून लोखंडाला भिडायचा. एका दसऱ्याला सायकल रंगवून आणली आणि दिवाच लागेना, तेव्हा त्यांना हे कळलं होतं.

“आम्ही थेट दुसरी वायर जोडली,” मी म्हटलं.

“हं,” बाबा म्हणाले, “स्क्रू माळ्यावरच असेल. नीट बघ.”