दोन बटणं

मंगळवार, रात्री साडेनऊ. मालवण.

"आये, उद्यापासून डब्यात मासे नको गो." बांगड्याच्या सुक्यावर तुटून पडणारा माझा लेक आज असं म्हणाला. पोट बिघडलं असेल, असं आधी वाटलं. जेवताना हळूहळू सगळं बाहेर आलं.

त्याच्या वर्गात एका रापणकाराचा, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरणाऱ्याचा, मुलगा आहे. तिघंचौघं त्याला 'बांगडो' म्हणतात. तो एसटीत चढला की नाकं धरतात. गेल्या आठवड्यात त्याचा डबा खिडकीतून फेकला. काल मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागे नेऊन मारलं. त्याच्या शर्टाची दोन बटणं तुटून पडली, ती माझ्या लेकाने उचलून कंपासपेटीत ठेवली आहेत. मला काढून दाखवली. पांढरी, एकाला अजून दोरा लोंबतोय.

"तू काय करत होतास?"

"बघत होतंय." बऱ्याच वेळाने म्हणाला, "मी पण हसलंय. नायतर उद्या माझो नंबर लागतलो."

अकरा वर्षांचा आहे तो. मला रागावताच आलं नाही, पोटात खड्डा पडला.

आमच्या वेळी गुरुजींच्या हातात शिमटी असे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 17व्या कलमाने शाळेत मारणं आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आणली, फार बरं झालं. पण मुलंच मुलाला मारतात तेव्हा आपण म्हणतो, पोरांची भांडणं, संध्याकाळी परत एकत्र खेळतील. मीही म्हटलंय. पण भांडण दोघांचं असतं. इथे चौघं मिळून एकाला धरतात, तेही रोज. शाळेच्या भिंतीवर मुलांच्या हेल्पलाइनचा 1098 रंगवलाय, तक्रारपेटीही आहे. लेक म्हणतो, पेटी ऑफिसच्या दारातच आहे, चिठ्ठी कोण टाकतं ते सगळ्यांना दिसतं.

त्या मुलाच्या आईकडूनच मी मासे घेते. परवा वाटा लावता लावता ती म्हणाली होती, "झील शाळेत जाऊक बघना नाय, काय झाला कळना नाय." अभ्यासाचा कंटाळा असेल, म्हणून मी पैसे देऊन निघाले. ती अजून काहीतरी बोलणार होती.

उद्या प्रार्थनेआधी वर्गशिक्षिकेला गाठायचं. त्याहीआधी बाजारात, तिच्याकडे.

बटणं लेक स्वतः देणार म्हणतो. पण एसटीत नको, म्हणाला.