आमची वाटचाल : आधी मीटर, मग अँप

गाडीत अँप, म्हणजे स्पीकरला ताकद देणारा अँप्लिफायर, बसवायला लागलो तेव्हापासून एक शिस्त आम्ही मोडलेली नाही : स्पीकरच्या टोकांना मल्टिमीटर लावल्याशिवाय अँपचं खोकं फोडायचं नाही. ही शिस्त आमच्या पहिल्या भागीदारांनी लावली. चार ओहमचा (ओहम हे विजेच्या रोधाचं माप) स्पीकर मीटरवर सव्वातीन ते पावणेचार दाखवतो. दीड-दोन दाखवला, तर तो दोन ओहमचा तरी आहे किंवा आतली तारेची कॉइल जळून शॉर्ट तरी झाली आहे.

मग शेजारी मोठं दुकान आलं. तिथे खोक्यावरचा 'हजार वॅट' दाखवून माल विकला जायचा. तो पीकचा, म्हणजे क्षणभरच मिळणाऱ्या ताकदीचा आकडा. आम्ही आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी ताकद सांगायचो, तर गिऱ्हाईक उठून जायचं. शटर कायमचं ओढायची वेळ आली होती. त्यात आमच्याकडून अँप नेलेली माणसं सबवूफर (सब, म्हणजे खर्जाचे मोठे स्पीकर) तिकडे जोडून घेत आणि अँप बंद पडला की बोल आम्हाला लावत. प्रकार एकच असायचा. दोन सब, प्रत्येकात चार ओहमच्या दोन कॉइल, चारही समांतर जोडलेल्या. म्हणजे भार एक ओहम. अँप मात्र ब्रिज केलेला, म्हणजे दोन चॅनेल मिळून एक केलेला, किमान चार ओहमवर चालणारा. ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनेलला निम्मा भार दिसतो, इथे अर्धा ओहम! करंट वाढतो, अँप तापून प्रोटेक्टमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडतो. तरी रेटत राहिलं की आउटपुट ट्रान्झिस्टर उडतात. तेच सब नीट जोडता येतात : प्रत्येकाच्या दोन कॉइल सिरीजमध्ये घ्या, आठ ओहम, मग दोन्ही सब समांतर, चार ओहम. वायर तेवढीच लागते. याचा राग आजही येतो.

त्या दिवसांत भाड्याच्या गाड्या चालवणारे एक मालक आमच्याकडेच येत राहिले. त्यांना प्रत्येक गाडीचं गेन, म्हणजे डेकच्या सिग्नलशी जुळवलेली अँपची पातळी, कागदावर लिहून हवं असे, म्हणून आम्ही सगळ्यांनाच लिहून देऊ लागलो. अँप आणि स्पीकर यांपैकी ज्याचा आरएमएस कमी, तो आकडा धरायचा. 75 वॅट, चार ओहम : गुणाकार 300, वर्गमूळ 17.3 व्होल्ट. स्पीकरच्या वायरी काढा, बास बूस्ट शून्य, इक्वलायझर सपाट, डेकचा (गाडीतल्या म्युझिक प्लेअरचा) आवाज पाऊणवर. एक किलोहर्ट्‌झचा टोन लावा, सबसाठी 50 हर्ट्‌झचा. मीटर एसी व्होल्टवर ठेवून अँपच्या आउटपुटला लावा आणि 17.3 येईपर्यंत गेन हळूहळू वाढवा. गेन म्हणजे व्हॉल्यूमचं बटण नव्हे. ते पूर्ण फिरवलं की सिग्नल कापला जातो आणि 'कमी वॅटच्या' अँपवरही ट्विटर (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) जळतो.

विचारलं नाहीत तरी सांगतो : मेन फ्यूज बॅटरीपासून 45 सेंटीमीटरच्या आत हवा आणि तो वायरच्या क्षमतेनुसार निवडायचा, कारण तो वायर वाचवतो, अँप नव्हे. अर्थची (निगेटिव्ह) वायर आखूड आणि पॉझिटिव्हइतकीच जाड ठेवा, बॉडीचा रंग खरवडून घट्ट कसा. डेकवरून येणारी स्पीकरची मायनस वायर मात्र बॉडीला कधीच लावू नका, डेकचं आउटपुट जातं. आणि दारातल्या साडेसहा इंची स्पीकरला 80 हर्ट्‌झचा हाय पास (त्याखालचा आवाज अडवणारा फिल्टर) लावल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका.